बैलाच्या टप्प्याबाहेरची लेक

चोवीस तीर्थंकरांची आण घेऊन सांगते, बस्तीच्या देवळाच्या पायरीला हात लावून सांगते, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय! कुणी म्हणंल म्हातारी फेकती. फेकत न्हाय. ज्येला खोटं वाटतंय त्येनं खुशाल संकेश्वरला जाऊन विचारावं. तितं अजून चार माणसं हायत ज्येंनी डोळ्यांनी बघितलंय.

तर निपाणीच्या वेशीबाहेर राजमती म्हणून एक बाई होती. नवरा बाबगोंडा, तंबाखूचा शेतकरी. अंगानं हाडकुळा, पण आवाज असा की बांधावरनं बायकोला हाक मारली तर चिकोडीच्या बाजारात दोन राजमत्या वळून बघायच्या. पोटाला एकच लेक, चंदना.

त्या घराण्यात एक रीत होती. लेक द्यायची ती बैलाच्या टप्प्यात. म्हंजे काय? बापानं उजाडल्यावर गाडी जुंपायची आणि दिवस मावळायच्या आत लेकीच्या घरी ताटावर बसायचं. दिवस मावळल्यावर जैनाच्या घरात घास शिवत न्हाईत. लेकीचं गाव लांब असलं की बाप तिच्या दारात जाऊन उपाशी झोपणार. असली सोयरीक करायची कशाला? म्हणून सदलगा, बोरगाव, चिकोडी, फार तर संकेश्वर, एवढ्यातच सगळ्या लेकी. राजमती बोरगावची. तिची आजी तर सांगायची, सोयरीक जुळवताना आधी बैलाला विचारावं. एकदा एका बैलानं मान हलवून न्हाय म्हटलतं, तरी लगीन केलं, आणि नवरा मुलगा वरातीतनंच पळून गेला.

मग निपाणीत उतारू नेणारी सर्व्हिसची मोटार आली. सकाळी आठाला भोंगा वाजवून सुटायची, दुपारी एकाला बेळगावात. बाबगोंडाला तिचं याडच लागलं. पयल्या दिवशी त्येनं मोटारीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि सवयीनं म्होरं पेंडीचं घमेलं बी ठेवलं. ड्रायव्हर शामू खाली उतरून म्हणला, "आण्णा, ही पेंड खात न्हाय. हिला पाजावं लागतंय."

तवापासनं बाबगोंडा रोज सकाळी मोटार सुटायच्या टायमाला स्टँडावर हजर. जायचं कुठंच नसायचं. नुसतं सोडायला जायचा.

चंदनाला वडगावचं स्थळ आलं. बेळगावाजवळचं वडगाव, विणकराचं घर, तीन माग, मुलगा सुकुमार, शांत, कामसू. राजमतीला सगळं पसंत होतं. पण वडगाव पन्नास मैल. बैलाला तीन दिवस.

त्या दिवशी राजमती गिरणीत दळण टाकून स्टँडाच्या कडंला उभी होती. चिंचंखालच्या बाकड्यावर बाबगोंडा, आणि त्येच्या म्होरं उकिडवा बसलेला भरमा. हा भरमा मूळचा उचगावचा. पलटणीत जाऊन अरबांच्या मुलखातलं बसरा बघून आलेला, पयली मोठी लढाई सुटल्यावर संचलनाला म्हणून लंडनपतोर जाऊन आलेला. आता बायकोच्या गावाला, निपाणीत ऱ्हाऊन तंबाखूच्या गाड्या हाकायचा.

"आण्णा, वडगाव लई लांब पडतंय," भरमा म्हणला.

"बैलाला लांब. मला पाच तास. आठाला बसलो की दुपारी लेकीच्या हातची भाकरी. बोरगावपरास वडगाव जवळ झालं का न्हाय, सांग तूच!"

"मोटार हाय तवर."

"हाय तवर म्हंजे? आता काय जाती व्हय ती परत? पेपर वाचत जा की लेका. अमेरिकेत घरटी मोटार हाय. शेतकरी शेताकडं मोटारीनं जातोय."

"का? शेत लांब हाय काय त्येचं?"

"असंल लांब."

"मोटार यायच्या आधी बी लांब होतं का?"

बाबगोंडा म्हणला, "ते काय पेपरात आलं न्हाय."

बसलेली माणसं हसली. भरमानं बिडी पेटवली आणि लंडन काढलं. भरमानं लंडन काढलं की गिरणीवाला बी पट्टा थांबवून ऐकायचा.

"तितं जमिनीखालनं आगगाडी जाती. घुशीगत ह्या बिळात घुसती, त्या बिळातनं निघती. वर रुळावर ट्रामगाडी, दोन मजली मोटारी. एक दिवस धुकं पडलं. आपल्याकडलं न्हवं, पिवळं, पिठल्यागत घट्ट. हात लांब केला तर स्वतःचीच बोटं दुसऱ्याची वाटावीत. वरल्या सगळ्या गाड्या जाग्यावर. बिळाच्या तोंडाला ही गर्दी, मुंगी शिरायची न्हाय. आमच्या बराकीच्या दारात एक कारकून बसला रडत. टोपी, छत्री, सगळं झ्याक. म्हटलं काय झालं रं साहेबा? तर म्हणला, घर नऊ मैल हाय, जाऊ कसा? म्हटलं, एवढ्या लांब कशाला ऱ्हायलास? म्हणला, गाड्या हायत की, म्हणून ऱ्हायलो."

"आणि तुझ्या बसऱ्यात काय इमान उडत होतं?"

"बसऱ्यात होड्या, गाढवं, आणि पाय. पाणी आटलं तर गाढव, गाढव मेलं तर पाय. माणूस खोळंबला न्हाय."

"आणि पोचला बी न्हाय!" बाबगोंडा उसळला. आवाज एकदम चढला, पण थट्टेचा न्हवं. "माझा धाकटा भाऊ ठावं हाय तुला? पान लागलं, साप डसला. गाडीत घालून लांबच्या रानातनं निपाणीच्या दवाखान्याकडं चाललोतो. बैलं पळवली, मार मार मारली, तोंडाला फेस आला त्येंच्या. ओढ्यापाशी आलो तवा भाऊ गार पडलाता. मोटार असती तर जगला असता. आणि ते बैल? त्येंच्या पाठीवरचे वळ मी अजून बघतोय. जू मानंवर, पराणीची आर ढुंगणात, ही हिंसा न्हाय? मोटारीला दुखत न्हाय, खुपत न्हाय."

"मोटारीखाली बेडूक चिरडत्यात ती?"

"बैलाच्या खुराखाली काय बेडकाला पालखी मिळती व्हय रं?"

राजमतीला दोघांचं बी पटलं, हीच पंचाईत झाली. दिराचं ते गार पडलेलं तोंड तिनं बघितलतं. आणि तो नऊ मैलांवरचा रडणारा कारकून बी तिच्या डोळ्याम्होरनं हलंना. तिच्या मनात आलं, म्होरं जाऊन म्हणावं, लेक संकेश्वरपरास लांब नको. पण तेवढ्यात गिरणीवाल्यानं हाळी दिली, "वैनी, दळण झालं!" आणि ती पिठाची बुट्टी डोक्यावर घेऊन घरला गेली.

लगीन झालं. चंदना मोटारीत बसून सासरला गेली. पयलं वरीस बाबगोंडा दर महिन्याला वडगावला. जाताना शेंगा, येताना लेकीच्या सासरची पातळं. म्होरल्या साली त्येनं बैलजोडी काढून टाकली. म्हणला, तंबाखू लॉरी नेती, नांगराला शेजारचं बैल मिळत्यात, मग हे दोन जीव दावणीला कशाला अडकवून ठेवायचे? विकताना मातूर घेणाऱ्याकडनं बस्तीत शपथ घेतली, कसायाला द्यायची न्हाईत म्हणून. गोठ्यात जळण रचलं. राजमती तरी आठ दिवस सांजंला तितं जाऊन उभी ऱ्हायची. हातात काय नसायचं, वैरण बी न्हाय, पाणी बी न्हाय.

मग चंदनाला दिवस गेले.

पयलं बाळंतपण आईकडं. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि घेऊन यायचं. सात महिन्याची बाई गाडीत बसती, नऊ महिन्याची बसू शकत न्हाय, म्हणून सातवा. राजमती सातव्याला तयारीला लागली. बाबगोंडा म्हणला, "आत्ता कशाला?"

"रीत हाय म्हणून."

"रीत बैलाची हाय. मोटारीत काय धक्का बसतोय? नवव्यात आणू. आज जातो, उद्या घेऊन येतो. हितं तंबाखूची लावणी आली तोंडावर, तू पोरीकडं बघशील का रोपांच्या तरूकडं? तितल्या माणसांस्नी बी मागाच्या कांड्या भरायला तेवढाच हात."

राजमतीनं ओटीचं सामान परत फडताळात ठेवलं. खरं सांगायचं तर लावणीचं तिला बी खरं वाटलं. आणि वडगावच्यांनी बी कळवलं, राहू दे की नवव्यापतोर, कामात हाय तर बरीच हाय.

तेवढ्यात दुसऱ्या मोठ्या लढाईपायी पेट्रोलला रेशन लागलं. मोटार आधी एक दिवसाआड झाली, मग आठवड्याला एकदा. मग एक दिवस आली ती पाठीवर पत्र्याची भट्टी घेऊन. पेट्रोल न्हाय, आता कोळशाच्या धुरावर चालायची. शामूचं तोंड लोहारागत काळं. तवंदीच्या घाटात ती हमखास बसायची आणि सगळ्यांनी उतरून ढकलायची. एकदा म्हणं ढकलणारी माणसं वर पोचली आणि मोटार मागंच ऱ्हायली, धुरात कुणाला कळलंच न्हाय, तासभर माणसं नुसता वाराच ढकलत होती.

राजमतीला मातूर हसू येईना. नववा लागलाता.

बाबगोंडा रोज स्टँडावर जायचा आणि परत यायचा. "आज न्हाय. शामू म्हणतोय बेळगावात अडकलीया." "आज न्हाय, कोळसा न्हाय." वडगावचं कार्ड आलं. चंदनाच्या हातचं, आडवीतिडवी अक्षरं. पाय सुजल्यात, डोळ्याम्होरं अंधारी येती, आव्वा तू ये.

राजमतीनं कार्ड कमरंला खोवलं आणि म्हणली, "मी जाणार. भरमाची गाडी सांगून आले."

"गाडीनं? तीन दिवस जायला, तीन यायला. तिला आणणार कशी त्यातनं? हाडं मोकळी व्हतील पोरीची."

"मग रेल्वेनं आणते."

"रेल्वेनं चिकोडी रोडाला उतरायचं, तितनं म्होरं पुन्हा बैलगाडीच, निम्मी वाट चिखलातनं."

"मग न्हाई आणत. मीच जाऊन ऱ्हाते तितं. आईनं असावं एवढीच रीत हाय ना? लेक हितं आली न्हाय तर आई तितं जाईल."

"दोन दिवस थांब. मोटार येतीया."

"तुमच्या मोटारीपायी सातव्याचा नववा केला. आता दहावा करता?"

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस तो, बाहीला लागलेला तंबाखूचा चीक नखानं काढत बसला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना राजमती भरमाच्या गाडीत बसली. पाऊस भुरुभुरु. वर ताडपत्री, खाली कडबा, बरोबर डिंकाचं लाडू, जुन्या लुगड्यांची दुपटी. तवंदीच्या घाटात तिनं तितल्या जैन क्षेत्राच्या देवाला हात जोडले आणि म्हणली, बाबा, बैलाला पाय दे न्हायतर पोरीला दम दे.

"आक्का, तुम्ही त्या दिवशी गिरणीपाशी होतासा न्हवं?" भरमानं विचारलं.

"होते."

"मग बोलला का न्हाईसा? मी एकटाच भांडत होतो."

"तू लेकीपायी भांडत होतास व्हय? तू गाडीच्या भाड्यापायी भांडत होतास."

भरमा हसला. "ते बी खरंच. पण ते धुक्यातलं खरं हाय. तो कारकून रडतच होता."

"म्होरं काय झालं त्येचं?"

"ठावं न्हाय. आमची बदली झाली."

पयला मुक्काम संकेश्वरला, राजमतीच्या चुलतबहिणीच्या, तारामतीच्या घरी. दिवस मावळायला हातभर होता तवा पोचले. तारामतीनं घाईनं ताट वाढलं.

सकाळी पुन्हा गाडी जुंपली. संकेश्वर मागं टाकून चार मैल गेले नसतील, तर चढाला मोटार उभी. भट्टी गार. बाजूला शामू डोकं धरून बसलेला. चार-सहा उतारू पोती पांघरून झाडाखाली.

"कालच्या तिसऱ्या पारापासनं हितंच," शामू म्हणला. "कोळसा भिजला. आण्णांचा जावई सुकुमार गेलाय खेड्यातनं वाळका कोळसा बघाय…"

सुकुमारचं नाव ऐकलं आणि राजमतीनं गाडीतनं उडीच टाकली. मोटारीचं दार उघडलं. लांब बाकड्यावर चंदना आडवी, उशाला मालुबाई म्हणून एक अनोळखी म्हातारी, तिनंच रातभर पोरीला धरलतं. वडगावच्यांनी वाट बघून, आई कधी येणार ह्येची खात्री न्हाय म्हणून, शामूच्या हातापाया पडून तिला मोटारीत घातलतं. आई तिकडं निघाली आणि लेक इकडं.

"आव्वा," चंदना म्हणली, "पहाटंपासनं दुखतंय."

राजमतीनं पोटाला हात लावला. मग बाहीर येऊन भरमाच्या गाडीकडं बघितलं. ताडपत्री गळत होती, आणि त्या रस्त्याचा दगड न् दगड तिच्या स्वतःच्या कमरंत होता. गाडीत घालावं तर चार मैलांत पोरीचा जीव जाईल. मोटारीत ठेवावं तर मोटार हलत न्हाय. डॉक्टर संकेश्वरात. ती चिखलात उभी ऱ्हाऊन एकदा हिकडं बघती, एकदा तिकडं.

"भरमा, बैल सोड," ती म्हणली.

"सोडून काय करू?"

"मोटारीला जुंप."

शामू उठून उभा ऱ्हायला. "आक्का, मोटारीला बैल? सर्व्हिसची मोटार हाय ही! लोक हसतील."

"हसणारी माणसं कुठं हायत ती बोलीव," भरमा म्हणला, "ढकलाय उपयोगी पडतील."

नाड्यानं जू मोटारीच्या म्होरल्या लोखंडाला बांधलं. तिचं तोंड संकेश्वरकडंच होतं. शामू चाक धरून, भरमा बैलाच्या मानंशी, उतारू मागनं. आणि ती मोटार हलली. शप्पथ, हलली! दोन बैल, आणि मागं लोखंडाचा हत्ती. बैलांचे पाय ढोपरापतोर रुतत होते, नाकातनं वाफा. भरमानं आसूड काढला न्हाय, नुसता बोलत होता, पलटणीतलं इंग्रजी, मराठी, कानडी, सापडंल ते. वाटंत एका धनगरानं बघितलं आणि मेंढरांसकट पाया पडला, त्येला वाटलं देवाचा रथ चाललाय.

आत राजमतीनं लेकीचा हात धरलाता. एक मैल झाला. दुसरा झाला. चंदना म्हणायची, "आलं का गाव?" राजमती म्हणायची, "आलंच." तिसऱ्या मैलाला तिनं विचारायचं बंद केलं.

गाव एक मैलावर असताना मूल आलं. मुलगा. मालुबाईनं पाठीवर थापटलं, पालथं केलं, तोंडात फुंकलं. राजमतीनं कानात णमोकार मंत्र म्हटला. मोटार हळूहळू चाललीच होती, बाहीर भरमाचं बोलणं ऐकू येत होतं. मूल रडलं न्हाय.

संकेश्वरच्या डॉक्टरानं चंदनाला वाचवलं. बाळाकडं बघून तो एवढंच म्हणला, "काल आणलं असतं तर." मग त्येला वाटलं आपण बोलायला नको होतं, आणि तो हात धुवायला आत गेला. सुकुमार उन्हं कलताना आला. डोक्यावर कोळशाचं पोतं होतं, वाळका कोळसा. ते खाली कुठं ठेवावं हे त्येला कळंना.

तिसऱ्या दिवशी बाबगोंडा आला. मोटार न्हाय, बैल न्हाय, चालत आला. सोळा मैल. धोतर कमरंपतोर चिखलानं भरलेलं. त्येला वाटंतच कळलतं. चंदना तारामतीच्या सोप्यात खाटंवर पडलेली, पायाशी राजमती. तो उंबऱ्यात थांबला.

"आप्पा," चंदना म्हणली, "चालत आलासा?"

"व्हय."

तो आत आला, खाटंशी वाकला. लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणला, "बाळ, माझं चुकलं. लांब दिली, आणि उशीर बी केला." त्येचा तो चार गावं ऐकू जाणारा आवाज, पण ते बोलणं खाटंच्या पलीकडं गेलं न्हाय. राजमतीनं मातूर ऐकलं.

आता ऐका. एवढी आण घेतलीया, तेव्हा सांगायलाच पाहिजे. बैलांनी मोटार ओढली ते खरं. धनगर पाया पडला ते बी खरं, मेंढरांचं म्हणाल तर ती बी वाकलीच होती. पण बाबगोंडा 'चुकलं' म्हणला, ते न्हाय. ते मी पदरचं घातलं. तो आत आला, खाटंशी उभा ऱ्हायला, लेकीकडं बघितलं, बायकोकडं बघायचं टाळलं, आणि सोप्यातच बसलेल्या शामूला विचारलं, "मोटार कवा दुरुस्त व्हणार?" एवढंच. राजमती म्होरं तीस वरसं त्येच्याबरोबर नांदली, त्येच्या ताटात वाढलं, त्येचं दुखलंखुपलं बघितलं. ती ज्येची वाट बघत होती ते त्येनं कधी म्हटलं न्हाय. म्हणून म्हटलं, निदान सांगताना तरी म्हणू दे त्येला.